अडलेल्या वाटसरूला विचारावयाचा पहिला प्रश्न

जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीत कोरलेला एक छोटासा दानलेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे दूर पश्चिमेकडून इकडे आलेल्या एका परकीयाने, दोन पोढ्या दान दिल्याची नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच परिसरातून जात असे. तांडे थकत, बैल लंगडत, गाड्यांची चाके निखळत. अशा वेळी भिक्षूंची लेणी आणि लेण्यांजवळची टाकी हाच प्रवाशांचा आसरा असे. इरिलाने आपले नाव दगडावर ठेवले. परंतु त्या टाक्यांतील पाणी कोणी प्यावे व कोणी पिऊ नये याविषयी त्या लेखात एक अक्षरही नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखातही मार्गांवर विहिरी खणविल्याचा व वृक्ष लावविल्याचा उल्लेख येतो. हे सारे कोणासाठी, तर पशूंसाठी आणि मनुष्यांसाठी, एवढेच तेथे सांगितले आहे. मनुष्यांचे पोटविभाग अशोकाने पाडलेले नाहीत.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. आपली मुले दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी जातात तेव्हा त्यांच्यापैकी निम्मी तरी स्वारगेटला गाडी बदलतात. पालकसभेत दरवर्षी एकच सूचना पुन्हा पुन्हा येते : मुलांना सांगा, वाटेत अनोळखी माणसाशी बोलू नका. ही सूचना रास्त आहे, आणि अपुरीही आहे. कारण ज्या दिवशी एसटी घाटात बंद पडते, पाकीट मारले जाते किंवा शेवटची गाडी निघून जाते, त्या दिवशी मुलाच्या भोवती अनोळखी माणसांखेरीज दुसरे कोणी नसतेच. तेव्हा अनोळखी माणसाविषयी काय शिकवावे, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. त्याचा थोडा अभ्यास येथे मांडत आहोत.

हा अभ्यास आपल्या समाजाने करावयाचा म्हटला की सुरुवात मसूर स्थानकापासूनच करावी लागते. १९०१ साली सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यात एका दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांनी मुलांना सुटीसाठी बोलावून घेतले. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. नवे कपडे, हातात पैसे, डब्यात खाणे. वडिलांकडून घ्यायला कोणीच आले नव्हते, कारण मुलांचे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मवृत्तपर लेखनात हा प्रसंग तपशीलवार सांगितला आहे. आपल्या घरांत तो बहुतेकांना ठाऊक असतो. पण तो सांगताना आपण बहुधा फक्त अपमान सांगतो. थोडे थांबून माणसे पाहिली तर त्यात आणखीही काही दिसते.

स्टेशनमास्तरांनी मुलांची आधी आपुलकीने चौकशी केली. चांगल्या वेषातली, एकटी पडलेली मुले पाहून कोणालाही वाटावे तसे त्यांनाही वाटले. मग त्यांनी विचारले, तुम्ही कोण? उत्तर ऐकताच त्यांचा चेहरा बदलला आणि ते निघून गेले. अर्ध्या तासाने मात्र ते परत आले. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण महारांच्या मुलांना बसवून घ्यायला एकही गाडीवान राजी होईना. तेव्हा दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे, असा तोडगा या स्टेशनमास्तरांनीच काढला. म्हणजे त्यांच्या ठिकाणची दया मेली नव्हती. ती आली, आडनावाच्या उंबऱ्यावर अडखळली, आणि वाकडी वाट करून पुन्हा आली. गाडीवानाचेही तसेच. विटाळाच्या भीतीने तो सुरुवातीला गाडीत बसला नाही. परंतु जकात नाक्यावर पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असे सांगा, हा सल्ला मुलांना त्यानेच दिला. मुलांनी तसे सांगूनही नाकेदाराने पाणी दिले नाही. डबा भरलेला होता. पण पाण्यावाचून घास उतरेना, आणि मुले उपाशीच निजली.

या प्रसंगात पाषाणहृदयी असा कदाचित एकही मनुष्य नव्हता. ही गोष्ट आम्हांला अधिक भयंकर वाटते. प्रत्येकाच्या मनात थोडी करुणा होती आणि प्रत्येकाने तिला एका प्रश्नापाशी थांबवून ठेवले होते. अडचण काय आहे, हे विचारण्याआधी अडलेला कोण आहे, हे विचारले गेले. प्रश्नांचा क्रम उलटला आणि चार मुलांची एक रात्र तहानेत गेली.

याच्या नेमकी उलट कथा दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात आहे. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही प्रकृतीची हकीकत घेतली आहे. विहिरीवर पाणी भरणाऱ्या मातंगकन्येपाशी भिक्षू आनंद पाणी मागतो. ती आपली जात सांगते आणि कचरते. आनंद तिला सांगतो, की मी तुझे कुळ विचारले नाही, पाणी मागितले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अडलेला वाटसरू आनंद आहे आणि उपकार करणारी ती मुलगी आहे. आजवर जिच्याकडून कोणी काही घेतले नव्हते तिच्याकडून काही मागणे, हीच त्या दिवशी तिच्यावर झालेली मोठी कृपा होती. मदत देण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. मदत घेण्याचीही एक रीत असते, आणि तीत समोरच्याला माणूस म्हणून वर उचलण्याचे सामर्थ्य असते, हे फारसे कोणी शिकवत नाही.

१९२९ मधील चाळीसगावचा प्रसंग मसूरइतका सांगितला जात नाही. आमच्या मते शाळेच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. मुंबईला परतताना एका बहिष्कार-प्रकरणाची माहिती घेण्यासाठी ते चाळीसगावला उतरले, आणि तेथील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर होता. तरीही लोकांनी त्यांना तासाभराहून अधिक वेळ थांबवून ठेवले आणि मग एक टांगा आणला. वाटेत तो टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या कठडा नसलेल्या मोरीवर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा व टांगा नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. चौकशी केल्यावर उलगडा झाला, तो असा : अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याने पायी जावे हे लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा तेवढा भाड्याने घेतला, आणि ज्याने कधी लगाम धरला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने तो हाकला.

टांगेवाल्यांच्या वागण्याचा धिक्कार करावा तितका थोडाच. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही स्वतःला उंच समजणारी ती दृष्टी बाबासाहेबांनी नेमकी टिपली आहे. पण आमचे लक्ष दुसऱ्या माणसाकडे जाते : ज्याने लगाम हाती घेतला त्याच्याकडे. त्याच्या प्रेमात खोट नव्हती. पाहुण्याचा मान राखण्यासाठी त्याने स्वतःचाही जीव पणाला लावला. त्याच्याजवळ घोडा हाकण्याचे ज्ञान मात्र नव्हते, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली हे आपण पाहिलेच. धम्मात प्रज्ञा आणि करुणा ही नावे जोडीने का घेतली जातात, असे आठवीच्या वर्गात कोणी विचारले की आम्ही आता चाळीसगावची मोरी सांगतो. ज्यांना टांगा हाकणे शिकण्याची संधीच दिली गेली नाही त्यांना दोष देण्याचा यात हेतू नाही. परंतु पुढच्या पिढीला तरी ती संधी आहे, आणि ती घेतली नाही तर सबब उरत नाही.

आता स्वारगेटकडे वळू. घोडेस्वारांच्या चौकीवरून हे नाव पडले असे सांगितले जाते. लहान गावांतून पहिल्यांदा येणारी आमची मुले ते हमखास ‘स्वर्गेट’ असे लिहितात, आणि ते दुरुस्त करताना आमच्या लेखणीला थोडी खंतच वाटते. साताऱ्याकडून, सांगली-कोल्हापुराकडून येणारा मनुष्य पुण्यात प्रथम पाय ठेवतो तो येथे. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, टिळक रस्ता, शिवाजी रस्ता असे सारे जेधे चौकाभोवती येऊन मिळतात. एसटीचे आगार, शहर बसचा थांबा, मार्केट यार्डाकडे वळणारे मालट्रक, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून जमिनीखाली मेट्रोचे स्थानक. येथे कोणी कोणाला ओळखत नाही. गावाकडून आलेल्या माणसाला हेच या चौकाचे भय वाटते. आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला याची दुसरी बाजू दाखवली.

२०२२ च्या २५ डिसेंबरला आम्ही नववीच्या बावीस मुला-मुलींना घेऊन देहूरोडच्या बुद्धविहारास गेलो होतो. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्यामुळे त्या दिवशी तेथे मोठी गर्दी असते. परतताना पुण्यातल्या एका उपासकांकडे जेवणे उरकली आणि रात्री साडेआठच्या सुमारास आमची भाड्याची मिनीबस जेधे चौक ओलांडून सातारा रस्त्याला लागत असतानाच क्लचची केबल तुटली. चालकाने दाबलेले पेडल वर आलेच नाही. मेट्रोच्या कामासाठी तेव्हा रस्त्यात पत्रे लावलेले होते. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत आमची गाडी आडवी उभी. मागून हॉर्नचा जो गदारोळ सुरू झाला त्यात मुली घाबरून गेल्या.

पहिला मनुष्य आला तो रिक्षावाला. त्याने आपली रिक्षा आमच्या गाडीच्या मागे तिरकी लावली, तिचे दिवे लुकलुकते ठेवले, खाली उतरला आणि विचारले, “काय झालं, सर?” चालकाने क्लचचे सांगितले. “मग पोरांना आधी डाव्या अंगानं उतरवा. उजवीकडून एक पण नको.” आम्ही मुलांची संख्या मोजत होतो तेवढ्यात त्याने दोघा तरुणांना हाक मारली, आमची मोठी मुले जोडीला घेतली आणि गाडी ढकलून कडेला आणली. त्याच्या रिक्षात एक प्रवासी बसलेला होता. तोही उतरून ढकलायला लागला, हे आमच्या नंतर ध्यानात आले.

कडेला उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन एक मावशी बसलेल्या होत्या. त्यांनी मुलींना बंद दुकानाच्या पायरीवर बसवले. “जेवल्या का गं पोरींनो?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मुली जेवल्या होत्या, तरी प्रत्येकीच्या ओंजळीत शेंगा आल्याच. स्वच्छतागृह कोठे आहे हे विचारताच पाटी शेजारच्या चहावाल्याच्या हवाली करून त्या स्वतः चार-चार मुलींना आगारात घेऊन गेल्या व परत आणून सोडल्या. आमच्या शिक्षिका दोन्ही वेळा बरोबर होत्या.

रविवारची रात्र, सुट्या भागांची दुकाने बंद. रिक्षावाला आमच्या चालकाला घेऊन कोठेतरी गेला आणि पाऊण तासाने एका मिस्त्रींना घेऊन आला. त्यांनी आपल्या घरी पडून असलेली केबल बरोबर आणली होती. नवी नव्हती, तसे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले, “घरापर्यंत नेईल, उद्या मात्र नवी टाका.” गाडीखाली पुठ्ठा पसरून ते आडवे झाले. आमच्या दोघा मुलांनी मोबाइलचा उजेड धरला. सव्वादहाला गाडी सुरू झाली. मिस्त्रींनी केबलचे तीनशे रुपये घेतले आणि मजुरीचे नाव काढले नाही. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाले, “पोरं पोचली की फोन करा, तेवढं पुरे.” रिक्षावाल्याने काहीच घेतले नाही. त्याचे नावही आम्हांला समजले नाही. मिस्त्रींच्या हातात पैसे ठेवेपर्यंत तो पुढच्या प्रवाशाला घेऊन निघून गेला होता.

सगळेच असे होते असे सांगितले तर ते खोटे होईल. शेकडो वाहने हॉर्न वाजवून गेली. एक सद्गृहस्थ जवळ आले, शाळा कोणती, गाव कोणते, मुले कुठली अशी चौकशी त्यांनी केली आणि शाळेचे नाव ऐकल्यावर “असं होय” म्हणून फोन काढून बाजूला झाले. त्यांच्या मनात काय आले ते सांगता येत नाही. कदाचित खरोखरच फोन आला असेल.

दुसऱ्या दिवशी मुलांकडून आम्ही प्रवासवर्णन लिहून घेतले. बहुतेकांनी देहूरोडची गर्दी, मूर्ती, गाडी ढकलण्याची मजा असे लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांतली एक अशी, की रिक्षावाल्या काकांनी आमचे आडनाव विचारले नाही. त्याच्या गावात दुकानात, दळणाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर नवख्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा असतो. चौदा वर्षांच्या मुलाला मदतीपेक्षा त्या न विचारलेल्या प्रश्नाचे अप्रूप वाटले. ती वही आम्ही जपून ठेवली आहे.

येथे एक शंका घेतली जाईल, आणि ती घेतलीच पाहिजे. शहरात आडनाव विचारले जात नाही, कारण शहराला वेळ नाही. यात चांगुलपणा कसला? शिवाय अनोळखी लोकांच्या चांगुलपणावर आपला समाज कधी उभा राहिलेला नाही. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली कोणाच्या दयेने मिळाले नाही, ते हक्क म्हणून मागावे लागले. ही शंका आम्हांला मान्य आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या ओळीतच रस्त्यांचाही उल्लेख आहे. ज्याने मसूरचा रस्ता पाहिला त्यालाच हा शब्द तेथे किती आवश्यक आहे हे कळले असणार. रस्ता हा आता आपला हक्क आहे, आणि त्यासाठी कोणाचे आभार मानण्याचे कारण नाही. परंतु रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीमागे रिक्षा तिरकी लावण्याचा हुकूम कोणतेही कलम देऊ शकत नाही. कायदा दार उघडतो. आत या, पाणी घ्या, हे माणसालाच म्हणावे लागते. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीपासून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. बंधुता ही मैत्रीचीच दुसरी बाजू आहे, आणि मैत्री म्हणजे ओळखीच्या माणसांविषयीचे प्रेम नव्हे. ओळखीच्यांवर प्रेम करायला धम्म कशाला हवा?

आता कायद्याविषयी थोडे, कारण पालकांना त्याची माहिती असणे उपयोगाचे आहे. अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो, ही भीती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने ती बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न धरता जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीतील चुकीसाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार अशा मनुष्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि धर्म, राष्ट्रीयत्व, जात वा लिंग यांवरून भेदभाव न करता त्याला आदराने वागवावे लागते. मदत करणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. हा शब्द बायबलमधील बोधकथेतून आला आहे, आणि त्या कथेतील समॅरिटन हा तेथील प्रतिष्ठितांच्या दृष्टीने हलक्या गणल्या गेलेल्या लोकांपैकी होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना नक्कीच लक्षात ठेवावीशी वाटेल.

मदत करणाऱ्याने नाव सांगू नये, ही मुभा कायद्याने दिली. नाव सांगावे लागू नये अशी खरी निकड १९०१ साली मदत मागणाऱ्यांना होती. गाडीवानाने मुलांना खोटे नाव घ्यायला सांगितले ते याचमुळे.

या लेखाचा सर्वांत अवघड भाग पुढे आहे, आणि तो टाळता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात याच स्वारगेट आगारात पहाटेच्या वेळी गावाकडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीवर उभ्या बसमध्ये अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. तक्रारीनुसार, आरोपीने तिला ‘ताई’ म्हणून हाक मारली आणि तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे, असे सांगून तिला तेथे नेले. त्या आठवड्यात आमच्या वसतिगृहात मुलींच्या पालकांचे फोन थांबत नव्हते. रिक्षावाल्या काकांविषयी मुलाने लिहिलेल्या चार ओळी आणि ही बातमी, दोन्ही एकाच चौकातल्या. ‘ताई’ हा शब्द दोन्हींकडे सारखाच गोड. मग मुलींना सांगावे काय?

आम्ही बरीच चर्चा केली. शिक्षिकांनी, वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी आणि दहावीच्या मुलींनी मिळून जे काढले ते आम्हांला पटले. त्यांनी २०२२ ची ती रात्र पुन्हा बारकाईने तपासली. रिक्षावाल्याने आल्याबरोबर आणखी दोघांना हाक मारली होती. मावशींनी मुलींना उजेडातल्या पायरीवर बसवले होते, आणि स्वच्छतागृहाकडे नेताना बाईंना बरोबर घेतले होते. मिस्त्रींनी केबल जुनी असल्याचे न विचारता सांगितले होते. खरी मदत माणसे वाढवते. ती चार जणांत, दिव्याखाली होते, आणि नको म्हटले तर रागावत नाही. जो मनुष्य तुम्हांला इतरांपासून वेगळे काढतो, घाई करतो, अंधाराकडे चालवतो, तो कितीही गोड बोलला तरी त्याच्याबरोबर पाऊल टाकावयाचे नाही. चौकशी करावयाची ती खिडकीवर किंवा गणवेशातील वाहकाकडे. अडचण सांगावयाची ती एका माणसाला नव्हे तर चारचौघांना, मोठ्याने. आणि ११२ हा क्रमांक पाठ पाहिजे. अपघात असेल तर १०८, महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३. अत्याचाराचा दोष मात्र कोणत्याही परिस्थितीत मुलीच्या विश्वासाचा नसतो, हे आम्ही मुलींना आणि मुलांना एकाच वर्गात बसवून सांगितले. मुलांना वेगळे बसवून सांगा, अशीही सूचना आली होती. ती आम्ही मानली नाही.

भिक्षुसंघातील एका आजारी भिक्षूची गोष्ट विनयपिटकात आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि सोबतचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. का, तर तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले. या कथेत आम्हांला नेहमी भावतो तो तिचा व्यवहारीपणा. आधी पाणी, मग धुणे, मग उचलणे. आणि उचलताना कोणी कोठे धरावयाचे तेही. उपदेश झाला तो यानंतर.

२०२३ च्या जूनपासून शाळेत शनिवारी दुपारी एक तास ‘रस्ता’ या नावाने चालतो. आपले एक माजी विद्यार्थी एसटीच्या कार्यशाळेत यांत्रिक आहेत. ते महिन्यातून दोनदा येतात. स्टेपनी बदलणे, बंद गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवणे, रक्तस्राव दाबून धरणे, मानेला इजा झालेल्या माणसाला न हलवणे, रुग्णवाहिकेला फोनवर नेमके ठिकाण सांगणे, एवढा अभ्यासक्रम आहे. रस्त्यावर कोणी अडलेला दिसला तर त्याच्याजवळ जाऊन प्रथम काय विचारावयाचे, याचाही सराव मुले जोडीजोडीने करतात. सुरुवातीला हसू आवरत नाही, पुढे जमते. गाडीचे सुटे भाग, प्रथमोपचाराची पेटी आणि एक बंद पडलेले इंजिन माजी विद्यार्थ्यांनी दिले आहे. स्टेपनी बदलण्याचा सर्वांत कमी वेळ सध्या सातवीतल्या एका मुलीच्या नावावर आहे. जॅक मात्र फार जुना झाला असून मधूनच खाली बसतो. वाचकांपैकी कोणाकडे चांगला असेल तर शाळेच्या कार्यालयात आणून द्यावा.